‘थांबा’ म्हणायचं म्हणजे नेमकं काय म्हणायचं?

टीव्हीवर परदेशातल्या युद्धाची बातमी लागली, की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं. आई म्हणते, "अरे, कुणीतरी सांगा त्यांना, पुरे करा म्हणावं." तेवढ्यात जाहिराती लागतात आणि ती पुन्हा भाजी निवडायला घेते.

वाक्य साधं आहे, पण त्यात दोन गाठी आहेत. हे ‘कुणीतरी’ कोण? आणि नुसतं ‘पुरे करा’ म्हटलं, तर समोरच्याने उद्या सकाळी उठून काय करायचं? तोफा मागे घ्यायच्या, तर किती मागे? पकडलेल्या माणसांचं काय? ज्या टेकडीपायी आपली पोरं गेली, ती सोडायची की ठेवायची? युद्ध सुरू करायला एक हुकूम पुरतो. थांबवायला शंभर प्रश्नांची उत्तरं लागतात, आणि ती शत्रूलाही पटावी लागतात.

तरी जगभर लोक आपापल्या पुढाऱ्यांना साकडं घालतच असतात. मोर्चे निघतात, सह्या गोळा होतात, खासदार पत्रं लिहितात, संयुक्त राष्ट्रांत ठराव होतात. यातल्या कशाने काही होतं का? हे समजून घ्यायला मी 1950 ते 1953 चं कोरियाचं युद्ध निवडलं आहे. तिथे शांततेसाठी साकडं घालण्याचे जवळजवळ सगळे प्रकार करून झाले. बहुतेक फसले, एक चाललं. आणि जे चाललं, त्यातला ‘कुणीतरी’ आपण होतो, म्हणजे भारत. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं याचं मला नेहमी नवल वाटतं.

भांडण कशाचं

कोरिया 1910 पासून जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट 1945 मध्ये जपान हरला. उत्तरेकडून रशियन फौजा येत होत्या, दक्षिणेत अमेरिकेला उतरायचं होतं. कुठपर्यंत कुणी यायचं हे घाईघाईने ठरवायचं होतं, म्हणून वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी नकाशा समोर घेतला आणि 38 अंश अक्षांशावर देश वाटला. आपल्याकडे भावाभावांची वाटणी झाली तरी मोजणी होते, खुंट रोवतात, शेजारी साक्षीला येतात. इथे ज्यांचं घर वाटलं जात होतं, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

1948 मध्ये त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन सरकारं झाली. उत्तरेत किम इल सुंग, दक्षिणेत सिंगमन री. दोघांचं म्हणणं एकच, की अख्खा देश माझा. 25 जून 1950 ला उत्तरेच्या फौजा रेघ ओलांडून दक्षिणेत घुसल्या आणि तीन दिवसांत दक्षिणेची राजधानी सोल पडली.

इथे संयुक्त राष्ट्रांचा कारभार दोन ओळींत समजून घेऊ. तिथे सुरक्षा परिषद असते. तिचे निर्णय बंधनकारक, पण पाच कायम सदस्यांपैकी एकाने जरी नकाराधिकार वापरला तरी विषय संपला. आणि आमसभा असते. तिथे सगळ्यांना मत आहे, पण ठराव झाला तरी तो पाळायची सक्ती नाही. जून 1950 मध्ये रशियाने सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकला होता, कारण चीनची जागा माओच्या सरकारऐवजी तैवानला पळून गेलेल्या च्यांग कै-शेकच्या सरकारकडे होती. रशिया खोलीत नव्हता म्हणूनच कोरियाला लष्करी मदत देण्याचा ठराव पास झाला. अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखालची फौज उभी राहिली. ऑगस्टमध्ये रशिया परतला आणि परिषदेचं दार बंद झालं. तिथून पुढे जे काही झालं ते आमसभेत, म्हणजे कायद्याच्या भाषेत फक्त विनंती.

भारताने उत्तरेने केलेलं आक्रमण ते आक्रमणच म्हटलं, पण लढायला सैन्य दिलं नाही. पाठवली ती लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची 60 वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, म्हणजे छत्रीधारी डॉक्टर आणि त्यांचे सहकारी. मार्च 1951 मध्ये ही मंडळी अमेरिकी सैनिकांबरोबर विमानातून उड्या मारून मुनसानला उतरली होती. पुढे मध्यस्थी करताना ‘हे नुसते बोलघेवडे नाहीत’ असं जे थोडंफार वजन भारताला मिळालं, त्यात या तुकडीचा वाटा मोठा होता असं माझं मत आहे.

फसलेली साकडी

पहिलं साकडं नेहरूंचं. 13 जुलै 1950 ला त्यांनी स्टालिनना आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांना पत्रं लिहिली. आशय असा, की युद्ध पसरू देऊ नका, माओच्या चीनला सुरक्षा परिषदेत जागा द्या, रशियाला परत येऊ द्या, मग सगळे बसून मार्ग काढा. स्टालिननी स्वागत केलं. अ‍ॅचेसननी नकार दिला. कागदावर सूचना शहाणपणाची होती. पण वॉशिंग्टनमधून ती कशी दिसत असेल? घरात दरोडा पडलाय, आणि शेजारी सांगतोय की दरोडेखोराच्या भावाला आधी सोसायटीच्या कमिटीवर घ्या, मग बघू. सगळ्यात मोठी मागणी पहिल्याच पत्रात घातली की असं होतं.

दुसरा प्रसंग जास्त चटका लावणारा आहे. सप्टेंबरात अमेरिकी फौजा इंचॉनला उतरल्या, उत्तरेचं सैन्य उधळलं गेलं, आणि आता रेघ ओलांडून थेट चीनच्या सीमेपर्यंत जायचं घाटत होतं. 2 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर पेकिंगमध्ये (आताचं बीजिंग) भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याकडे बोलावलं गेलं. निरोप स्पष्ट होता. अमेरिकी फौजा 38 ची रेघ ओलांडून उत्तरेत आल्या, तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने तो पुढे पोहोचवला. पण वॉशिंग्टनमध्ये पणिक्कर म्हणजे चीनच्या प्रेमातला माणूस, हे आधीच ठरलेलं होतं. ही नुसती धमकी आहे असं समजून निरोप बाजूला ठेवला गेला. त्याच महिन्यात चिनी सैनिक सीमेवरची यालू नदी ओलांडून आले, नोव्हेंबरअखेर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या फौजेला मागे रेटत नेलं, आणि पुढची अडीच वर्षं रक्त सांडत राहिलं. निरोप शंभर टक्के खरा होता. तो आणणाऱ्यावर विश्वास नव्हता, एवढंच.

सह्यांच्या मोहिमेचंही असंच झालं. मार्च 1950 मध्ये स्टॉकहोमहून अण्वस्त्रबंदीचं आवाहन निघालं आणि जगभरातून कोट्यवधी सह्या झाल्या. मागणी चांगलीच होती. पण मोहिमेमागची संघटना मॉस्कोच्या बाजूची, आणि सह्यांचे सगळ्यात मोठे आकडे साम्यवादी देशांतले. त्यामुळे ज्यांच्या हातात अणुबॉम्ब होता, त्यांनी तिकडे शत्रूचा प्रचार म्हणूनच पाहिलं. आपल्या गटाच्या पुढाऱ्याला दुखेल असं त्या कागदात काहीच नव्हतं, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

याच्या उलट उदाहरण लंडनचं. 30 नोव्हेंबर 1950 ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन पत्रकार परिषदेत बोलून गेले, की अणुबॉम्बच्या वापराचा विचार कायमच चालू असतो. ब्रिटिश संसदेत खळबळ माजली. सत्तेवर असलेल्या मजूर पक्षाच्याच सुमारे शंभर खासदारांनी पंतप्रधान अ‍ॅटली यांना विरोधाचं पत्र दिलं. चार दिवसांत अ‍ॅटली वॉशिंग्टनमध्ये होते. त्यांना लेखी हमी मिळाली नाही. वापराची वेळ येऊ नये अशी आशा, आणि तुम्हाला कळवत राहू, असं गुळमुळीत निवेदन निघालं. पण मित्रदेश सोबत राहणार नाहीत ही जाणीव ट्रुमनना झाली. हे पत्र त्या शंभर जणांनी किम इल सुंगला किंवा ट्रुमनला लिहिलं नव्हतं. त्यांनी ते अशा माणसाला लिहिलं, ज्याची खुर्ची त्यांच्या मतांवर टिकून होती. आईच्या ‘कुणीतरी’चं हे निम्मं उत्तर आहे. आपलं ऐकणं ज्याला भाग आहे असा पुढारी बहुधा आपल्याच देशात असतो.

खुर्ची, झेंडा आणि दोन तास अकरा मिनिटं

10 जुलै 1951 ला केसाँगमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. लोकांना वाटलं, आता आठवड्याभरात संपेल. पहिल्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या बाजूचे अ‍ॅडमिरल जॉय खुर्चीवर बसले आणि खाली खाली गेले. त्यांना मुद्दाम बुटकी खुर्ची दिलेली होती. एका बाजूने टेबलावर छोटा झेंडा ठेवला, तर दुसऱ्या बाजूने त्याहून उंच आणला. 10 ऑगस्टला दोन्ही बाजू एकमेकांसमोर बसल्या आणि दोन तास अकरा मिनिटं कुणीही एक शब्द बोललं नाही.

हसू येतं खरं. पण या सगळ्या काळात लढाई चालूच होती, हे विसरायला होतं. ‘वाटाघाटी सुरू’ अशी बातमी वाचली की आपण सुस्कारा सोडतो. कोरियात अमेरिकेची जेवढी माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त वाटाघाटी सुरू झाल्यानंतरची आहेत. टेबलावर हात वर राहावा म्हणून टेकड्या जिंकायच्या आणि गमवायच्या. पोर्क चॉप नावाच्या एका टेकडीसाठी 1953 च्या उन्हाळ्यापर्यंत माणसं मरत होती, आणि शस्त्रसंधी व्हायच्या सोळा दिवस आधी अमेरिकेने ती सोडून दिली.

तरी सरहद्दीचा प्रश्न तसा लवकर सुटला. नोव्हेंबर 1951 मध्येच, फौजा जिथे उभ्या आहेत तीच रेघ, यावर एकमत झालं होतं. घोडं अडलं ते युद्धकैद्यांपाशी.

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळी किल्ली इथेच आहे. 1949 च्या जिनिव्हा कराराचं कलम 118 सांगतं, की लढाई संपली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवा. सरळ आहे. चीन आणि उत्तर कोरिया म्हणाले, करारात लिहिलंय, आमची सगळी माणसं परत द्या. पण संयुक्त राष्ट्रांच्या छावण्यांमध्ये जे चिनी कैदी होते, त्यातले पुष्कळ मुळात च्यांग कै-शेकचे सैनिक. चीनमधली यादवी हरल्यावर त्यांना माओच्या फौजेत सामील करून घेतलं होतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तैवानला जायचं होतं. कोरियन कैद्यांत मूळचे दक्षिणेतले, उत्तरेच्या फौजेने जबरदस्तीने भरती केलेले लोक होते. ट्रुमननी ठरवलं, कुणालाही मारूनमुटकून परत पाठवायचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांनी रशियन कैद्यांना असं बळाने परत पाठवलं होतं, आणि त्यांच्या नशिबी पुढे तुरुंग, श्रमछावण्या, कित्येकांच्या बाबतीत गोळी आली, हे ताजं होतं. शिवाय साम्यवादी देशात परत जायला माणसं नकार देतात, हे जगाला दिसलं तर अमेरिकेला हवंच होतं. माणुसकी आणि प्रचार अशा वेळी एकाच ताटात जेवतात.

एप्रिल 1952 मध्ये छावण्यांत कैद्यांना विचारण्यात आलं. समोरच्यांना आधी अंदाज दिला होता, की एक लाख सोळा हजारांच्या आसपास परत येतील. विचारल्यावर आकडा निघाला सुमारे सत्तर हजार. चीनला ही उघड नाचक्की वाटली. विचारताना छावण्यांत काय काय झालं तेही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. कम्युनिस्टविरोधी म्होरक्यांचं तिथे राज्य होतं, परत जातो म्हणणाऱ्याला मारहाण व्हायची, कित्येकांच्या अंगावर माओविरोधी घोषणा गोंदवून टाकल्या होत्या. आता असं गोंदवलेलं अंग घेऊन कोण घरी जाणार? त्याच छावण्यांतल्या दुसऱ्या वसाहतींत कम्युनिस्ट म्होरके हेच उलट करत होते. मे महिन्यात कोजे बेटावरच्या कैद्यांनी तर छावणीप्रमुख अमेरिकी जनरललाच आत ओढून ओलीस धरलं.

तर गाठ अशी, की एकाचं म्हणणं ‘सगळे परत’, दुसऱ्याचं ‘जबरदस्तीने एकही नाही’. दोन्ही तत्त्वाच्या गोष्टी, आणि तत्त्वावर कुणी मागे हटलं तर घरच्या लोकांसमोर तोंड दाखवायला जागा नाही. वर्षभर याच एका मुद्द्यावर युद्ध चालू राहिलं.

पाच गावं

आपल्याकडे शांततेसाठी दूत म्हणून जाण्याला शब्दच आहे, कृष्णशिष्टाई. तिच्यातली एक गोष्ट आपण पटकन विसरतो. कृष्ण कौरवांच्या सभेत नुसता ‘भांडू नका’ सांगायला गेला नव्हता. निम्मं राज्य देत नसाल तर पाच गावं द्या, इथपर्यंत मागणी खाली आणून, बोटांवर मोजता येईल अशी करून, तो बोलला होता. दुर्योधनाने सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीही नाकारली हा भाग वेगळा. पण त्यामुळे कोण अडून बसलंय, हे साऱ्या सभेला दिसलं.

1952 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला जी शिष्टाई झाली, ती करणाऱ्याचं नावही योगायोगाने कृष्णच होतं. संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या शिष्टमंडळातले व्ही. के. कृष्ण मेनन. स्वभावाने तिरसट, जिभेला धार, अमेरिकेच्या डोळ्यांत कायम सलणारे. या माणसाने आमसभेत जो मसुदा मांडला त्यात ‘शांतता’ या शब्दावर वेळ घालवलेला नाही. त्याने कैद्यांचा प्रश्न उचलला आणि दोन्ही तत्त्वं एका वाक्यात बसवली. कैद्यांना मायदेशी जाण्यापासून रोखायला किंवा मायदेशी पाठवायला, दोन्हींसाठी बळाचा वापर होणार नाही. चीनला ऐकू यावं ‘रोखायला’, अमेरिकेला ऐकू यावं ‘पाठवायला’. जिनिव्हा करार मोडला असं कुणी म्हणायला नको, आणि कुणाला फरफटत नेलं असंही नको.

पण नुसतं वाक्य पुरत नाही, म्हणून पुढची पायरी. परत जायला तयार नसलेल्या कैद्यांना पकडणाऱ्या सैन्याच्या हातून काढून तटस्थ आयोगाच्या हाती द्यायचं. त्यांच्या मायदेशाच्या प्रतिनिधींना ठरावीक मुदतीत त्यांच्याशी बोलू द्यायचं, बाबा रे घरी ये म्हणून समजावू द्यायचं. तरी जे उरतील त्यांचा विचार नंतरच्या राजकीय परिषदेत. म्हणजे मागे कुणीच हटत नाही, फक्त कैदी एका हातातून तिसऱ्या हातात जातात. आणि ‘आम्हाला यायचं नाही’ हे उत्तर अमेरिकेकडून ऐकावं लागत नाही, तटस्थ माणसाकडून ऐकावं लागतं. मान राखण्यासाठी तेवढा आडोसा पुरतो.

मसुदा किती वेळा बदलला याला गणती नाही, आणि त्या काळात मेनननी सगळ्यांनाच वैतागून सोडलं. अ‍ॅचेसनना तो आवडला नव्हता. मग रशियाच्या विशिन्स्कींनी भारतावर असे तोंडसुख घेतले की अमेरिकेला तो बरा वाटायला लागला. ब्रिटन आणि कॅनडा आधीपासून मागे उभे होते. 3 डिसेंबर 1952 ला ठराव 54 विरुद्ध 5 मतांनी पास झाला. पाच मतं रशियाच्या गटाची. चीनने लगोलग नाकारला.

मग हे ‘चाललं’ असं कसं म्हणायचं? कारण असा कागद सही व्हायच्या दिवसाची वाट बघत पडून राहतो. इकडे अमेरिकी मतदार कंटाळले होते. ‘मी कोरियाला जाईन’ असं प्रचारात सांगणाऱ्या आयझेनहॉवरना त्यांनी नोव्हेंबरात निवडून दिलं होतं. 5 मार्च 1953 ला स्टालिन वारले, आणि नव्या रशियन नेत्यांना हे लोढणं नको होतं. मार्चअखेर चौ एन-लाय यांनी जी नवी भूमिका जाहीर केली, ती मेननच्या मसुद्याच्या अगदी जवळ जाणारी होती. 8 जूनला कैद्यांबद्दलचा करार झाला. त्याचा सांगाडा तोच होता, फक्त आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया यांच्याबरोबर भारत आला, तोही अध्यक्ष म्हणून. पुढाऱ्याचं मन आपल्या ठरावाने वळलं नाही, स्टालिनच्या मरणाने वळलं, असं म्हणणारे म्हणतात. म्हणोत. मन वळलं त्या दिवशी हातात काहीतरी लिहिलेलं होतं, म्हणून पुढचं वर्ष पुन्हा बुटक्या खुर्च्यांवर गेलं नाही.

आजही जे थोडंफार जमतं ते याच जातीचं असतं. 2022 च्या जुलैत युक्रेनचं युद्ध पेटलेलं असताना इस्तंबूलला तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने फक्त धान्याच्या जहाजांपुरता करार झाला, आणि तो वर्षभर चालला. गाझात 2024 च्या सप्टेंबरात पोलिओचे डोस द्यायला ठरावीक भागांत ठरावीक तास लढाई थांबली. या पाच गावांसारख्या मागण्या आहेत. त्याच 2022 मध्ये समरकंदला आपल्या पंतप्रधानांनी पुतीन यांना ‘आजचं युग युद्धाचं नाही’ असं तोंडावर सांगितलं, आणि ते वाक्य पुढे बालीच्या जी-20 जाहीरनाम्यातही थोड्या फरकाने आलं. सांगायलाच हवं होतं ते. पण त्यावर सगळ्यांना मान डोलावता आली, कारण त्यात कुणाला उठून काही करायचं नव्हतं. आपल्या घटनेच्या कलम 51 मध्ये आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटावं, तंटे लवादाने सोडवायला उत्तेजन द्यावं, असं राज्याला सांगितलेलं आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहायला एवढा आधार पुरतो. पत्रात काय मागायचं, हा खरा प्रश्न आहे.

शांतता सगळ्यांनाच हवी असते असं समजू नये. कोरियात दक्षिणेच्या सिंगमन री यांना ती नको होती. देश अर्धा ठेवून थांबणं म्हणजे त्यांच्या लेखी पराभव, आणि अमेरिका निघून गेली की आपण उघडे पडणार ही भीतीही होती. 18 जून 1953 ला, करार तोंडाशी आला असताना, त्यांनी छावण्यांची दारं उघडून पंचवीस हजारांहून जास्त कोरियन कैदी पळवून लावले. अमेरिकेला त्यांना संरक्षण कराराचं आणि पैशांचं वचन द्यावं लागलं, तेव्हा ते ‘मोडता घालणार नाही’ इथपर्यंत आले. सही त्यांनी केलीच नाही. 27 जुलै 1953 ला सकाळी दहा वाजता पानमुनजोममध्ये दोन सेनानींनी काही मिनिटांत सह्या केल्या, एकमेकांशी न बोलता निघून गेले. तोफा थांबल्या रात्री दहाला. मधले बारा तासही लढाई चालू होती.

ही शस्त्रसंधी, म्हणजे लढाई थांबवण्याचा करार. शांतता करार म्हणजे भांडण मिटल्याचा कागद. तो कोरियात आजतागायत झालेला नाही.

हिंदनगर

‘कुणीतरी तटस्थ माणूस नेमा’ असं सुचवलं की बहुधा ते आपल्याच गळ्यात येतं. कैदी सांभाळायला भारताला पाच-सहा हजारांची फौज पाठवावी लागली. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. री यांनी जाहीर केलं होतं, की एकाही भारतीय सैनिकाचा पाय माझ्या भूमीला लागू देणार नाही. मग ही सगळी माणसं इंचॉनच्या बंदरात जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरवली. तिथे तंबूंचं गाव उभं राहिलं, त्याला नाव दिलं हिंदनगर.

ताब्यात आले 14,704 चिनी आणि 7,900 कोरियन कैदी. दुसऱ्या बाजूने परत जायला नकार देणारे 359, त्यात 23 अमेरिकी आणि एक ब्रिटिश. समजावणीसाठी वेगळे तंबू. कैदी आत यायचा, त्याच्या देशाचा प्रतिनिधी त्याच्याशी बोलायचा, आयोगातले पाच देश बघत बसायचे. तंबूला बाहेर पडायची दोन दारं. एक घराकडे जाणारं, एक परत छावणीकडे.

ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात म्होरके कैद्यांना तंबूपर्यंत येऊच देत नव्हते. दगडफेक, दंगे, बाहेर पडणाऱ्याला जिवे मारायच्या धमक्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगल आवरताना भारतीय सैनिकांना गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले. एकदा आपल्याच एका मेजरला कैद्यांनी आत ओढून ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः त्या वसाहतीत गेले आणि त्याला सोडवून बाहेर आणलं. थिमय्यांनी एक गोष्ट ठाम ठेवली. कैद्यांना संगिनी लावून तंबूत ढकलायचं नाही, कारण बळ वापरायचं नाही हेच तर त्या सगळ्या कागदाचं सार होतं. परिणाम असा झाला, की नव्वद दिवसांच्या मुदतीत समजावणीचं काम जेमतेम दहा दिवस झालं. चीन म्हणाला, भारत अमेरिकेला सामील आहे. दक्षिण कोरिया म्हणाला, भारत कम्युनिस्टांना सामील आहे. दोघांनी एकाच वेळी शिव्या दिल्या म्हणजे पंचाचं काम ठीक चाललं असावं, असा आपल्याकडचा जुना हिशोब आहे. पण बक्षीस काय मिळालं, तर पुढच्या राजकीय परिषदेत भारताला घ्यावं का, यावर ऑगस्टमध्येच मतदान झालं होतं. 27 बाजूने, 21 विरुद्ध. दोन तृतीयांश होत नव्हते, भारताने नाव मागे घेतलं. ती परिषद 1954 मध्ये जिनिव्हाला भरली आणि कोरियाबाबत काहीही न ठरता उठली.

शेवटी चिन्यांपैकी 440 आणि कोरियनांपैकी 188 जणांनी घराकडचं दार धरलं. बाकी बहुतेक तैवानला किंवा दक्षिण कोरियात गेले. पलीकडच्या अमेरिकनांपैकी 21 जण आणि तो ब्रिटिश, साम्यवाद्यांकडेच राहिले.

आणि 88 जण असे निघाले, की ज्यांना दोन्ही दारं नको होती. 76 कोरियन, 12 चिनी. उत्तर नको, दक्षिण नको, माओ नको, च्यांगही नको, तिसरा कुठलातरी देश द्या म्हणाले. मेननच्या मसुद्यात अशा माणसांचा नीट विचारच नव्हता. फेब्रुवारी 1954 मध्ये भारतीय फौज परत निघाली, तेव्हा तिच्याबरोबर तेही जहाजात बसले आणि मद्रासला उतरले. काही वर्षांनी बरेचसे ब्राझीलला गेले, काही अर्जेंटिनाला. मोजके इथेच राहिले, कामधंदा शोधला, लग्नं केली, आणि ज्या देशाचं नावही त्यांनी युद्धाआधी फारसं ऐकलं नसेल, तिथेच म्हातारे झाले.